आईला पेलेल एवढेच

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागले, की हर्सूल, सावंगी मागे पडतात. पुढे चौक्याचा घाट ओलांडला, की आमची फुलंब्री. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. पण परवा एस.टी.तून उतरलो, तेव्हा खांदा भरून आला होता. पाठीवर आईसाठी बांधलेली 'संकटकाळची पिशवी' होती!

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्याला अतिवृष्टीने झोडपले, तेव्हा आई फोनवर सहज म्हणाली होती, "मागची भिंत ओली झालीय रे." घर धाब्याचे, डोक्यावर मातीचे ओझे. मला किल्लारी आठवली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंतींनी झोपलेल्या माणसांना गाडले. तेव्हा मी शाळकरी होतो. वडिलांनी कितीतरी दिवस दाराशी एक गाठोडे ठेवले होते.

शेजारच्या आडत दुकानात पिशवी काट्यावर ठेवली. चौदा किलो! आई म्हणाली, "ही घेऊन मी पळू, की ही मला घेऊन पळेल?"

मग ओसरीवर सारा पसारा मांडला. चार लिटर पाणी म्हणजे चार किलो. तिथे काटकसर चालत नाही. एकच बाटली ठेवली, सोबत पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. स्टोव्ह, डबे गेले, गूळ-शेंगदाणे राहिले. पहारीवर मात्र मी अडून बसलो. "आत अडकणार मी, तर पहार बाहेर नको का?" आईने विचारले. एम.ए.ला हे शिकवत नाहीत. पहार शेजाऱ्यांच्या ओट्यावर गेली. दोर आणि घोंगडी काढून तिने आपले जुने नऊवारी घातले. बांधायला, पांघरायला, झोळीलाही तेच. शिट्टी ठेवली. हाक मारून घसा बसतो, शिट्टीला फुंकर पुरते. रक्तदाबाच्या गोळ्या आणि सातबाऱ्याची प्रत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. बॅटरी ठेवताच आई उठली आणि जुना चष्मा घेऊन आली. "हा नसेल तर उजेड काय कामाचा?"

काटा आता तीन किलोंवर थांबला. तिच्या हाताला येईल अशा खुंटीवर पिशवी टांगली. पिशवीने भिंत सावरत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून टेकू लावला.

निघताना सहज पिशवी चाचपली, तर हलकी लागली. शेंगदाणे निम्मे झाले होते.

"खवट व्हायला नकोत म्हणून," आई म्हणाली.