रोझेगच्या खोऱ्यातून

स्वित्झर्लंडला जाणारी आपली बहुतेक मंडळी रोपवेने बर्फापर्यंत जातात, छायाचित्रे घेतात आणि जेवणाच्या वेळेस खाली येतात. त्यात गैर काही नाही. हाताशी वेळही बेताचा असतो आणि पैसाही. आम्हां उभयतांस मात्र पायी हिंडण्याची हौस. वये पासष्टीपुढची असली तरी ती सुटलेली नाही. म्हणून आम्ही एंगाडीन भागातील रोझेगचे शांत खोरे निवडले.

पोंट्रेझिना स्टेशनापासून सुमारे सात किलोमीटर आत रोझेगचे उपाहारगृह आहे. या वाटेवर खासगी मोटारींना मज्जाव. घोड्यांच्या बग्ग्या तेवढ्या जातात. दुतर्फा लार्च आणि आर्वे या सूचिपर्णी वृक्षांची राई. आर्वेचे बी जड, वाऱ्यावर उडत नाही. कावळ्याच्या कुळातला एक ठिपकेदार पक्षी ते हिवाळ्याच्या बेगमीसाठी जमिनीत पुरतो आणि उकरावयाचे राहिलेले रुजते. एवढे अरण्य एका पक्ष्याच्या विसराळूपणावर उभे! चिमणीहून लहान पाखरे तर तळहातावरचे दाणे टिपावयास निःशंक येतात. त्यांच्या पायी आमचा अर्धा तास गेला.

तेथील पिवळ्या पाट्यांवर अंतर नसते, वेळ असते. उपाहारगृहापासून कोआट्झ ह्युट्टे सुमारे अडीच तास. हे तास तेथल्या लोकांच्या पायांचे. आम्ही चार धरले. सहाशे मीटरांची चढण बाकी होती, ह्यांचा उजवा गुडघा कुरकुरू लागला होता आणि परतीची बग्गी समोरच उभी होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलेच नाही. बुटांचे बंद आवळले आणि निघालो.

वर चढताना खाली एक राखी-हिरवे सरोवर दिसते : लेय दा वाद्रेत. येथील मूळ भाषा रोमान्श. तीत लेय म्हणजे सरोवर, वाद्रेत म्हणजे हिमनदी. जुन्या नकाशांत जेथे हिमनदी आहे, तेथे आज हे पाणी आहे. बर्फ मागे हटत कड्यावर गेला आहे. रोमान्शला १९३८ साली लोकमताने राष्ट्रभाषेचा मान मिळाला, तरी आज ती देशातील शंभरांत एकाचीही मुख्य भाषा नाही, आणि पोंट्रेझिनात कानी पडते ती जर्मनच. घराबाहेर पाऊल टाकताच दुसरी भाषा बोलणाऱ्या आम्हांस त्या पाटीपुढे जरा अधिकच वेळ उभे राहावेसे वाटले.

ह्युट्टे म्हणजे शब्दशः झोपडी. प्रत्यक्षात २,६१० मीटरांवरचे भक्कम, बहुकोनी दगडी घर. योहान कोआट्झ या नकाशे करणाऱ्या तरुणाने १८५० साली दोघा सोबत्यांसह बर्निना शिखर प्रथम सर केले. पुढे तो देशाचा मुख्य वनाधिकारी झाला. त्याचे नाव या घरास आहे. बूट दाराशी काढावयाचे, आतल्या सपाता घालावयाच्या, सर्वांनी एका वेळी, एकाच पद्धतीचे जेवावयाचे. शाकाहाराचे आम्ही आधीच कळविले होते; व्यवस्थापिकेने ते लक्षात ठेवून वेगळे सूप आणून दिले. निजावयास ओळीने मांडलेल्या गाद्या. आमच्या शेजारी दोन जर्मन विद्यार्थी, पलीकडे एक आजीबाई, आमच्याहून वडील आणि एकट्या.

येथे नोंदवहीत नाव लिहावेच लागते. 'पुढे कोठे जाणार' असाही एक रकाना असतो. कोणी पोहोचले नाही, तर शोध त्यावरून सुरू होतो. त्यात काय लिहावे यावर आमचा थोडा वाद झाला. ह्यांचे म्हणणे, आल्या वाटेने परत. आमचे म्हणणे, सुर्लेय खिंडीकडे. गुडघ्यास विचारून सकाळी लिहू, असे ठरवून आम्ही दिवा मालविला.