एअर

मशीनखाली डिझेलचे थेंब दिसले की मला बरंच वाटतं. थेंब पडतोय म्हणजे बिघाडाने आपला पत्ता आपणच सांगितला. पाना घ्यायचा आणि कामाला लागायचं. धास्ती वाटते ती कोरड्या ठणठणीत मशीनची. टाकी भरलेली, फिल्टर नवा, कुठे ओल नाही, आणि सेल्फ मारून मारून बॅटरी बसली तरी इंजिन काही पेट घेत नाही. अशा वेळी बहुतेकदा डिझेलच्या वाटेत हवा शिरलेली असते. आम्ही तिला एअर म्हणतो.

या एअरशी माझी ओळख शाळकरी वयातली. निफाडकडच्या आमच्या मळ्यात विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर इंजिन होतं. पुण्याच्या खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला आणि विजेचा भरवसा नसलेल्या शिवाराशिवारात ही इंजिनं पोचली, त्यातलंच एक. डिझेल संपेपर्यंत पाणी धरायची आमच्या आण्णांची सवय होती, त्यामुळे टाकी वरचेवर कोरडी पडायची. डिझेल ओतलं तरी इंजिन लगेच चालू होत नसे. आण्णा फिल्टरवरचा बारका स्क्रू ढिला करत. आधी फुसफुस, मग फेस, मग त्या फेसाची हळूहळू अखंड धार. स्क्रू आवळायचा, की पंपाकडचा नट. शेवटी नोझलच्या नळीचा नट आवळून झाला की मी डीकॉम्प्रेशनचा खटका वर करून हँडल फिरवायचो आणि आण्णा कान लावून बसायचे. प्रत्येक दोन फेऱ्यांना एकदा आतून ‘चर्र’ असा आवाज यायला लागला की म्हणायचे, “बोलली. सोड खटका.” नोझल बोलली म्हणजे एअर गेली. पाटाला पाणी सुरू.

एवढीशी हवा एवढं मोठं धूड कशी काय अडवते, हे आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स करताना उमगलं. पंपातला प्लंजर आपल्या नळकांड्यात दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत वरखाली होत असतो. तो डिझेल दाबतो. डिझेल जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे दाब थेट नोझलपर्यंत पोचतो, शे-दोनशे बार झाला की नोझलची सुई उचलली जाते आणि फवारा उडतो. मध्ये हवा असली तर प्लंजर हवाच दाबत बसतो. हवा आकसते, पुन्हा फुगते, सुई जागची हलत नाही. पंप इमानेइतबारे काम करतोय आणि सिलिंडरमध्ये थेंब नाही. आमच्या नाशकात तर नोझल हा घरचा विषय. सातपूरच्या मायको कंपनीत डिझेलची नोझल आणि इंजेक्टर बनायचे. २००८ साली कंपनीचं नाव बॉश झालं, तरी मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे, आणि गॅरेजवाल्यांच्या तोंडी डिझेल पंप म्हणजे मायको पंप.

पुढे मी मिनी पोकलेनच्या कामात पडलो. जेसीबी शिरत नाही अशा गल्लीत पाइपलाइनचे चर खणणारी ही दोन-तीन टनांची यंत्रं. इथे आण्णांची विद्या अर्धीच उपयोगी पडली. विहिरीवरच्या इंजिनाची टाकी वर असायची, डिझेल आपल्या वजनाने खाली उतरायचं. नळीला चीर गेली तर डिझेल बाहेर यायचं आणि खालची माती काळी व्हायची. मिनी पोकलेनमध्ये टाकी बाजूला, पार खाली. तिच्यातलं डिझेल वर ओढावं लागतं. ओढणाऱ्या बाजूला नळीच्या आत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. तिथे चीर पडली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. शहाळ्याच्या स्ट्रॉला मध्येच भोक असलं तर पाणी सांडत नाही, आपल्या तोंडात नुसती हवा येते, तसंच. म्हणून टाकीपासून फीड पंपापर्यंतची बाजू वेगळी आणि पंपापुढची वेगळी. पुढे बिघाड झाला तर थेंब दिसतो. मागे झाला तर काहीच दिसत नाही. बरेच मिस्त्री आयुष्यभर फडक्याने पुसून ओल शोधत राहतात, आणि ओल सापडत नाही म्हणून पंप खोलतात. पंप खोलणं हे कामापेक्षा बिल वाढवणंच जास्त, असं माझं मत आहे.

मशीनजवळ गेलो की मी आधी टूलबॉक्स उघडत नाही. ऑपरेटरला चहा सांगतो आणि विचारतो: कधी बंद पडतं? सकाळी पहिल्यांदा चालू व्हायला त्रास आणि मग दिवसभर सुरळीत, म्हणजे रात्री उभ्या मशीनमधलं डिझेल टाकीकडे परत उतरतंय. मागच्या बाजूला कुठेतरी बारीक वाट आहे. चालू होतं आणि मिनिटभराने विझतं, म्हणजे फिल्टरच्या वाटीत होतं तेवढं डिझेल जळलं, मागून नवं आलं नाही. मग सेल्फ मारायला सांगून सायलेन्सरकडे बघायचं. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पण जळत नाही. मग ग्लो प्लग बघा, कॉम्प्रेशन बघा. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. चावी फिरवल्यावर इलेक्ट्रिक फीड पंपाची टिकटिक ऐकू येते का, स्टॉप सोलेनॉइडचा ‘टक्’ होतो का, हे ऐकायला पैसे पडत नाहीत. फक्त शेजारी कुणी काँक्रीटचा मिक्सर चालू केलेला नसावा, आणि तो असतोच.

मग पाणी. साइटवर डिझेल येतं बॅरलमधून, आणि बॅरल उभं असतं उघड्यावर. पावसाळ्यात झाकणावर पाण्याचं तळं साचतं आणि रात्री गारठ्याने बॅरल आकसलं की ते पाणी बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. अर्ध्या टाकीत रात्रीचं दव जमतं ते वेगळंच. सेपरेटरच्या पारदर्शक वाटीत तळाशी एक लाल कडी असते. डिझेलमध्ये ती बुडते, पाण्यावर तरंगते. कडी वर उचललेली दिसली की वाटी सोडायची, पाणी काढायचं. डिझेल लिटरला सव्वाआठशे-साडेआठशे ग्रॅम भरतं, पाणी किलोभर, त्यामुळे पाणी तळ गाठतंच. पण मी अशाही मशीन बघितल्या आहेत, जिथे चिखलाने वाटीच इतकी रंगली होती की आत कडी आहे हे ऑपरेटरला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

एक मशीन मात्र मला चांगलंच लक्षात राहिलं. जुन्या नाशकातल्या एका गल्लीत पाण्याच्या लाइनचं काम चालू होतं. मशीन पाऊण तास झकास चालायचं, मग आचके द्यायला लागायचं, आणि बंद. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा काही झालंच नाही असं चालू. दोन्ही फिल्टर बदलून झाले होते, फीड पंप नवा बसवला होता, आणि मेन पंप सोडवून कॅलिब्रेशनला पाठवायची बोलणी चालली होती. कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे मशीनचा मालक, डोक्याला हात लावून ओट्यावर बसलेला.

थांबल्यावर सुधारणारा बिघाड दोन ठिकाणी असू शकतो. टाकीतला गाळ किंवा चिंधी ओढनळीच्या तोंडाशी येऊन बसते आणि ओढ थांबली की सुटते. किंवा टाकीला श्वास मिळत नाही. मी टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये दोन वीत पारदर्शक नळी जोडली आणि काम सुरू ठेवायला सांगितलं. नळीत एकही बुडबुडा नव्हता, म्हणजे एअर नाही. आचके सुरू झाले तसं मी ऑपरेटरला मशीन बंद करू नको म्हणून हाताने खूण केली आणि टाकीचं झाकण उघडलं. सूंऽऽ करून हवा आत गेली आणि इंजिनाचा आवाज तिथल्या तिथे सुधारला.

झाकण नवंकोरं होतं, कुलूपवालं. डिझेल जास्त लागतंय असा मालकाला संशय आला होता म्हणून त्यानेच बाजारातून आणून बसवलेलं. मूळच्या झाकणाला हवा आत घेणारं बारीक छिद्र असतं, याला नव्हतं. डिझेल कमी होईल तशी टाकीत पोकळी वाढत जायची आणि पंपाला ओढता येईना. मशीन थांबलं की फटीफटीतून हवा मुरायची आणि गाडी पुन्हा चालू. मी हे सांगत असताना ऑपरेटर तोंड फिरवून तंबाखू मळत होता. मालक म्हणाला, “मग यालाच ड्रिलने भोक पाडून द्या.” मी नाही म्हटलं, उघड्या भोकातून धूळ आणि पाऊस दोन्ही आत जाणार. ब्रीदर असलेलं कुलपाचं झाकण मिळतं, ते घ्या. डिझेल खरंच चोरीला जात होतं का, हे मी विचारलं नाही. ते निदान माझ्या कामात बसत नाही.

आता आमच्या गॅरेजात पोरं लॅपटॉप घेऊन बसतात. चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून प्रदूषणाचे सीईव्ही स्टेज-४ चे नियम लागले आणि मोठ्या बॅकहो लोडरवर कॉमन रेल इंजिनं आली. लहान मिनी पोकलेन पुष्कळशी अजून जुन्या मेकॅनिकल पंपावर आहेत, पण पोरांना दोन्ही हाताळावी लागतात. कॉमन रेलमध्ये दाब हजार-दीड हजार बार आणि त्याहून वर जातो. तिथे आण्णांसारखा नळीचा नट ढिला करून धार बघायची नाही. ती धार कातडीतून आत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो आणि पुढेही सांगत राहतो, कारण जुन्या मशीनवर शिकलेला हात सवयीने पान्याकडे जातोच.

स्कॅनर सांगतो, रेलमध्ये दाब कमी. का कमी, ते सांगत नाही. पोरं लगेच हाय प्रेशर पंपाची किंमत काढायला बसतात. मी म्हणतो, आधी ओढबाजूला नळी लावा. पारदर्शक नळी आजही माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात कामाचं मीटर आहे, फक्त ती कुठून आणायची याची अक्कल हवी. मध्यंतरी एक पोरगा माशांच्या टाकीची सामग्री विकणाऱ्या दुकानातून स्वस्तात दोन मीटर घेऊन आला. डिझेलने ती नळी आठवड्याभरात काठीसारखी ताठ झाली, क्लिपपाशी तडकली आणि तिथूनच हवा ओढायला लागली. पोरगा बुडबुडे बघून खूश. बिघाड सापडला म्हणून मला बोलवायला आला. मी त्याला क्लिप दाखवली आणि डिझेलला टिकणारी नळी आणायला द्वारका सर्कलला पिटाळला.