उपडा थर्मास

आमच्या घरी सोमवारी रात्री चूल पेटत नसे. १९६५ साली युद्ध आणि धान्यटंचाई एकदमच आली, तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा म्हणून सांगितलं आणि कऱ्हाडच्या आमच्या आजीने ते व्रतासारखं धरलं. शास्त्री गेले, टंचाईही सरली. आजीचा सोमवार शेवटपर्यंत चालला. ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदहून शास्त्री गेल्याची बातमी आली तेव्हा वडील बारा वर्षांचे होते. पाकिस्तानच्या अयुबखानांशी करार आदल्याच दिवशी झालेला. संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतराव चव्हाण तिथेच होते, त्यामुळे गावाला ती बातमी घरातलीच वाटली. बातमी ऐकून आजीने एवढंच विचारलं होतं, "शेवटी जवळ कोण होतं त्यांच्या?"

म्हणून २०१९ च्या एप्रिलमध्ये 'द ताश्कंद फाइल्स' हा शास्त्रींच्या मृत्यूवरचा चित्रपट लागला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी वडिलांना घेऊन गेलो. एक तरुण पत्रकार, सरकारने नेमलेली समिती, बंद खोलीत लांबलचक टेबलाभोवती बसलेली माणसं. नसीरुद्दीन शाह, मिथुन, पंकज त्रिपाठी, पल्लवी जोशी. सुरुवातीला वडील खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

पण थोड्याच वेळात त्या टेबलाभोवती नुसती आरडाओरड सुरू झाली. प्रत्येक जण दुसऱ्याच्या जातीवर, धर्मावर, विचारांवर घसरू लागला. मग सोव्हिएत गुप्तचर संघटना केजीबी आली, तिच्याच मित्रोखिनने बाहेर आणलेली कागदपत्रं आली, कुणाचा फायदा झाला याच्या याद्या आल्या. मरणाचा प्रश्न बाजूला राहिला आणि देशाचं वाटोळं कुणी केलं याचाच निकाल लागू लागला. मध्यंतरापर्यंत वडील खुर्चीत मागे रेलले होते.

मला राहून राहून शास्त्री गेले त्या रात्रीच्या खोलीची आठवण येत होती. शास्त्रींसोबत ताश्कंदला गेलेल्या पत्रकार कुलदीप नय्यर यांनी ती खोली लिहून ठेवली आहे. प्रशस्त खोली, मोठा पलंग, गालिच्यावर नीट ठेवलेल्या, न वापरलेल्या चपला. आणि टेबलावर उपडा पडलेला थर्मास, जणू तो उघडायची धडपड झाली असावी. खोलीत घंटी नाही. छातीत कळ आलेला पंतप्रधान स्वतः उठून दारापर्यंत चालत गेला आणि त्याने डॉक्टर कुठे आहेत म्हणून विचारलं. याहून अंगावर येणारं दृश्य कुठला पटकथालेखक रचणार? दोन तास फक्त त्या खोलीत बसवलं असतं तरी चाललं असतं. देशाच्या पंतप्रधानाच्या उशाशी घंटी का नव्हती? ती खोली कुणी ठरवली? मृतदेह निळसर का दिसला, हा घरच्यांचा प्रश्न होता. त्यांना आधी हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते हे खरंच. मग शवविच्छेदन करून शंका मिटवायला काय हरकत होती? ते ना ताश्कंदला झालं, ना दिल्लीत. त्या रात्री उपचार करणारे डॉ. चुग १९७७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले.

माझं स्पष्ट मत आहे की कटाची गोष्ट सांगणाऱ्याने आवाज खाली ठेवावा. पुरावा पुढे ठेवावा, त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही ठेवावा आणि मग प्रेक्षकाला एकटं सोडावं. निवडणुकीच्या ऐन धामधुमीत चित्रपट लावला की प्रश्नापेक्षा झेंडे मोठे होतात. या चित्रपटाला दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पल्लवी जोशींच्या पुरस्काराबद्दल माझी तक्रार नाही, चाकाच्या खुर्चीतल्या त्या इतिहासकार बाईंचं काम खरोखर ताकदीचं आहे. दुसरा पुरस्कार संवादांना मिळाला, ते मला आजही पटलेलं नाही.

तरीही खोटं कशाला बोलू? शास्त्रींचे जुने फोटो पडद्यावर आले तेव्हा मी रडलो. आणि माझा सोळा वर्षांचा भाचा हा चित्रपट पाहून आला आणि त्याने आपणहून विचारलं, "मामा, शास्त्री खरंच कसे गेले?" इतक्या वर्षांत शाळेच्या पुस्तकाने त्याला हा प्रश्न पडू दिला नव्हता. म्हणजे चित्रपट फसला असं म्हणताना माझीच जीभ अडखळते.

घरी येताना वडील गप्प होते. जिना चढताना म्हणाले, "आईने विचारलेलं कुणी सांगितलंच नाही."

शवविच्छेदन का झालं नाही, याचं सरळ उत्तर सरकारने लोकांना द्यावं. चित्रपट त्यानंतर काढा.