लोकरीचा हिशेब

समुद्रपर्यटनास माणसें निघतात तीं हवापालटासाठीं, देशदर्शनासाठीं, किंवा निदान चारचौघांत सांगतां यावें एवढ्यासाठीं. परंतु केवळ लोकर विणण्याकरितां जहाजांत बसणारी मंडळीहि या जगांत आहे, असें आमच्या पुतण्यानें एडिंबरोहून कळविलें, तेव्हां आम्हांस प्रथम हंसूंच आलें. मात्र आमच्या आक्काला पंचाहत्तरावें लागलें होतें. तिला कांहीं मोठी भेट द्यावी असें मनांत होतें. आणि जिच्या हातांतील सुया जन्मांत कधीं स्वस्थ पाहिल्या नाहींत, तिला याहून अनुरूप भेट ती कोणती? आम्हीं दोन तिकिटें काढलीं आणि आपल्या औदार्यावर मनांतल्या मनांत प्रसन्न झालों.

आक्का १९७३ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, वैधव्य घेऊन पुण्यास माहेरीं परत आली. तेव्हांपासून वाड्यांतील प्रत्येक पोराच्या अंगावर तिच्या हातचा स्वेटर चढला. बाहेरचीं कामेंहि येत; त्यांचे पैसे वडिलांच्या हातीं जात व घरखर्चांत जमा होत. आमच्या कॉलेजची फी त्यांतूनच भरली गेली. दिवाळीस आक्काला नवें पातळ मिळे. यांत कांहीं वावगें आहे असें घरांत कोणासच वाटलें नाहीं.

जूनच्या आरंभीं लीथ बंदरांतून आमचें जहाज निघालें. उतारू शंभरेक, बहुतेक स्त्रिया. सकाळीं दिवाणखान्यांत विणकामाचा वर्ग भरे. आक्काचें इंग्रजी बेताचें. परंतु दुसऱ्याच दिवशीं एका वृद्ध स्कॉच बाईचा सुटलेला टाका तिनें चार ओळी खालून उचलून दिला, आणि मग तिच्या खुर्चीभोंवतीं गर्दी जमूं लागली. आम्ही दोन्ही हातांवर लोकरीच्या लडी धरून बसण्याच्या कामीं रुजू झालों.

ऑर्कनी व शेटलंड यांच्या मध्यें फेअर आइल नांवाचें चिमुकलें बेट आहे. इंग्लंडचे युवराज १९२२ सालीं तेथील नक्षीचा स्वेटर घालून गोल्फच्या मैदानावर आले, तेव्हांपासून ती नक्षी जगभर गाजली. रंग कितीहि असोत, एका ओळींत दोनच चालवावयाचे, हा तिचा नियम. वस्त्र विणावयाचें तें सलग नळीसारखें. आणि पुढून उघडा स्वेटर हवा असल्यास ती नळी कात्रीनें उभी कापावयाची! त्यासाठीं कांहीं जादा टाके राखलेले असतात, आणि तेथील मेंढीच्या लोकरीचे तंतु एकमेकांस असे धरून राहतात कीं वीण उसवत नाहीं. पुतण्यानें धाडलेल्या लोकरीची अशी एक नळी आक्कानें घरूनच विणून आणली होती. ती शेवटच्या दिवशीं कापावयाची होती.

चौथ्या दिवशीं शेटलंडचें लर्विक बंदर आलें. तेथील संग्रहालयांत एक चामडी पट्टा होता. त्यांत घोड्याचे केस भरलेले, वर भोंकें पाडलेलीं. भोंकांत सुई रोंवून, पाठीवर जळाऊ मातीची टोपली घेऊन, बायका चालतां चालतां विणीत. माहिती सांगणारी बाई म्हणाली कीं, व्यापारी त्या विणकामाचा मोबदला रोख न देतां कापड, चहा अशा जिनसांत देत. घरीं पीठ हवें असलें तर तें कापड कोणास तरी देऊन आणावें लागे. सरकारी आयोगानें १८७२ सालीं यावर अहवाल दिला, त्यापुढें या बायकांनीं स्वतः साक्षी दिल्या होत्या.

आम्हीं हें सर्व मराठींत सांगितलें. "म्हणजे आपल्या घरासारखंच कीं रे, बापू," असें सहज म्हणून आक्का पुढच्या कपाटाकडे वळली.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. जूनमध्यें तिकडे पुरता अंधार पडत नाहीं. त्या उजेडांत आम्ही फी, स्वेटर आणि पातळें यांचा हिशेब मांडीत राहिलों. आणि ही सफर तरी काय? आणखी एक पातळच, पदर काय तो जरा भारी!

सकाळीं आम्हीं चांचरत विषय काढला. आक्का म्हणाली, "वडील गेले, वाडा पडला, आतां कसला हिशेब? मी केलं तें मायेनं केलं. पण कुणी कधीं विचारलं नाहीं रे, आक्का, तुला काय हवं म्हणून. तूंसुद्धां तिकिटं काढून मग सांगितलंस."

यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

शेवटच्या दिवशीं, बर्गेन जवळ येत असतां, तिनें कात्री घेतली. हात थोडा कांपला; मग खालपासून वरपर्यंत एका दमांत तिनें नळी कापली. एकहि टाका सुटला नाहीं. पुढें दोन दिवस बर्गेनच्या मुक्कामांत कांठ व बटणें झालीं. तो स्वेटर आमच्या नातवासाठीं असणार, असें आम्ही धरून चाललों होतों. आक्कानें तो स्वतःच्या अंगांत घातला. "हा माझा," ती म्हणाली. पन्नास वर्षांत तिनें स्वतःसाठीं विणलेलें तें पहिलें वस्त्र होतें.

परत आल्यावर सूनबाईनें नातवासाठीं तसाच स्वेटर मागितला. आक्कानें सुया न थांबवितां किंमत सांगितली. सूनबाईनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मुकाट्यानें पाकीट काढलें.