रोपाला कळते ते मला कळले नाही



तीस वर्षे कृषी खात्यात विस्ताराचे काम करतो आहे. बांधावर उभे राहून इतरांना सल्ला देण्यात जन्म गेला. आज मात्र स्वतःची फजिती सांगणार आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण उन्हाळ्यात केदारनाथला जातात, त्यांनी ती अवश्य ऐकून ठेवावी.

आमची कन्या व जावई नोकरीनिमित्त दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, लिमा शहरी राहतात. खरिपाची धावपळ सुरू होण्याआधी, मे महिन्यात रजा काढून मी व सौ. त्यांच्याकडे गेलो. तिकडे अँडीज पर्वतात विनिकुन्का नावाचा रंगीबेरंगी डोंगर आहे. उंची सुमारे ५,०३६ मीटर. आपले कळसूबाई एकावर एक असे तीनदा रचले, तरी थोडे कमीच पडेल.

लिमा समुद्रकाठी. तिथून विमानाने तासा-सव्वा तासात कुस्कोला उतरलो. हे गाव ३,४०० मीटरवर आहे. मुलगी म्हणाली, "बाबा, दोन-तीन दिवस इथे नुसते आरामात राहा, मग डोंगराचे बघू." मी म्हणालो, "अगं, मी रोज शिवार तुडवणारा माणूस. मला काय धाड भरली आहे?" आणि दुसऱ्याच दिवसाची सहल ठरवून टाकली.

पहाटे चारला गाडी निघाली. सोबत वाटाड्या होता. तीन तासांनी गाडीरस्ता संपला, तिथेच उंची साडेचार हजार मीटरच्या वर. पुढे साधारण चार किलोमीटरची पायवाट. तिथल्या क्वेचुआ शेतकरी कुटुंबांतील बाया, डोक्यावर टोपी आणि अंगात घेरदार झगे, घोडे घेऊन उभ्या होत्या. सौ. मुकाट्याने एका घोड्यावर बसली. मी मात्र ऐटीत पायी निघालो.

पहिला किलोमीटर ठीक गेला. मग दर वीस पावलांवर थांबू लागलो. डोके ठणकू लागले, पोटात ढवळू लागले. तेवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ, की एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने निम्म्याच्या जरासाच वर. शेवटचा चढ समोर दिसत होता, पण माझे पाय वाकडेतिकडे पडू लागले. वाटाड्याने बोटाला यंत्र लावून रक्तातील प्राणवायू पाहिला आणि म्हणाला, "डोंगर उद्याही इथेच असेल. तुम्ही आता खाली चला."

सौ. घोड्यावरून उतरून माझ्याकडे येऊ लागली. मी हाताने खूण करून तिला पुढे जायला सांगितले. माझ्या बदल्या, मुलीचे शिक्षण, सासूबाईंचे दुखणे, यांत ती आयुष्यभर मागेच राहिली होती. आता माझ्या हट्टापायी तिने इथूनही परतावे, हे मला सोसवेना. ती जावयांबरोबर वर गेली. मी मुलीसह, ज्याला नाकारले होते त्याच घोड्यावर बसून खाली आलो.

खाली घोडेवाल्या बाईने कोकाच्या पानांचा गरम काढा दिला. (ही पाने तिकडे राजरोस चालतात, आपल्याकडे आणणे मात्र गुन्हा आहे.) उंची कमी झाली तसे डोके हलके होऊ लागले. मुलीला तिकडची स्पॅनिश भाषा येते, म्हणून बोलणे झाले. बाईकडे अल्पाका ही लोकर देणारी जनावरे आणि बटाट्याची शेती. थंडीत बटाटे रात्री हिवात पसरायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचे, मग उन्हात वाळवायचे. त्याला चुन्यो म्हणतात. तो वर्षानुवर्षे टिकतो. २०१५ च्या सुमारापर्यंत या डोंगराची बाहेर फारशी कुणाला माहिती नव्हती. आता प्रवेशाचे पैसे व घोड्याचे भाडे गावांना मिळते.

मग तिने विचारले, "कुस्कोत किती दिवस राहिलात?" मी म्हटले, "एक रात्र." ती हसली नाही. एवढेच म्हणाली, "फार थोडे."

मंडळी, त्या दोन शब्दांनी मी खाली मान घातली. टोमॅटोचे रोप लागणीला काढण्याआधी आठवडाभर पाणी कमी करा, सावली हळूहळू काढा, रोप काटक होऊ द्या, हे मी किती गावांत सांगितले असेल! सावलीतले रोप एकदम उन्हात लावले तर माना टाकते. माझे तेच झाले.

दोन तासांनी सौ. परतली. चेहरा उन्हाने लाल, पण खुललेला. म्हणाली, "फोटोत दाखवतात तितका भडक नाही हो. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या इरकलीच्या काठांसारखे पट्टे आहेत." तांबडा रंग लोहाचा, आपल्या गेरूत असतो तोच. हिरवट छटा लोह व मॅग्नेशियम असलेल्या मातीची, पांढरा पट्टा वाळूच्या खडकाचा व चुन्याचा. एकावर एक साठलेले थर डोंगर उचलला जाताना तिरपे उभे राहिले. हे मी तिला समजावले. पण पाहिले तिने.

आता तुमच्यासाठी. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे, म्हणजे कुस्कोहूनही उंच. हेलिकॉप्टरने तिथे काही मिनिटांत पोचता येते, पण शरीर तितक्या लवकर पोचत नाही. वाटेत मधल्या उंचीवर एक-दोन रात्री काढाव्यात. पहिल्या दिवशी धावपळ करू नये, पाणी पीत राहावे, दारू टाळावी. दमा, हृदयविकार वा रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात. डोके दुखून मळमळू लागले तर आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर रात्र असली तरी खाली उतरवावे. दर्शन पुन्हा होईल.

आणि घरची लहान माणसे "जरा थांबा" म्हणाली, तर वडीलकीचा मान बाजूला ठेवून थांबावे. माझी मुलगी बरोबर होती, हे मी तिला त्याच दिवशी सांगून टाकले.