खाडीच्या दोन तीरांवर

डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांपासून फ्रान्सचा किनारा उणापुरा 21 मैल. आभाळ निवळले असले की पैलतीर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. बोटीवर चहा घेऊन जरा गप्पा माराव्यात, तोच कॅले बंदर येते. पण एवढ्याशा पाण्याच्या दोन बाजूंना शेतीचे दोन निराळे संसार थाटले गेले.

इंग्लंडच्या मध्यभागातून आगगाडी धावत असते तेव्हा शेतांभोवतीची हिरवी कुंपणे प्रवाशाला मोहून टाकतात. त्यांपैकी कित्येक कुंपणे पार्लमेंटच्या कायद्यांनी उभी केली आहेत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत गावोगावची सामाईक कुरणे वाटून बंदिस्त झाली. मोठी इस्टेट थोरल्या मुलाकडे जाई, म्हणून ती अखंड राही. 1851 च्या शिरगणतीत इंग्लंड-वेल्समधली निम्म्याहून अधिक माणसे शहरवासी निघाली. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या 1804 च्या कायद्याने सर्व मुलांना, मुलींनासुद्धा, वारसाहक्क दिला. तिथे जमिनीचे तुकडे पडले, पण लहान शेतकरी गावात टिकला. निम्मा फ्रान्स शहरवासी व्हायला 1931 च्या आसपासचा काळ उजाडावा लागला.

शहरी माणसाला हवा स्वस्त पाव. आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला होता, त्याच सुमारास, 1846 साली, पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी परदेशी धान्यावरच्या जकातीचा कायदा मोडीत काढला. त्यापायी त्यांचा स्वतःचा पक्ष दुभंगला. पुढे अमेरिकेचा गहू आला, आणि सुएझ कालव्यातून आपलाही. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खन होरपळत होते, तरी हिंदुस्थानातली धान्याची निर्यात थांबली नाही. लंडनच्या स्वस्त पावाचा हिशेब असा आपल्या दारापर्यंत येतो.

फ्रान्सने उलट वाट धरली. ज्यूल मेलीन या मुत्सद्द्याने 1883 साली शेतकऱ्यांसाठी खास सन्मानपदक सुरू केले आणि 1892 साली आयात मालावर जकातीची भिंत उभारली. शेतकरी सावरला, पण पाव महागच राहिला.

इंग्लंडला आपल्या धोरणाची किंमत युद्धांत कळली. 1917 साली जर्मन पाणबुड्यांनी धान्याची जहाजे बुडवली. दुसऱ्या महायुद्धातही न झालेले पावाचे रेशनिंग 1946 ते 1948 पर्यंत सोसावे लागले! मग 1947 च्या कायद्याने तोडगा काढला: बाजारभाव उतरलेला असू द्या, शेतकऱ्याचे नुकसान सरकारी तिजोरी भरून देईल.

युरोपच्या सामाईक बाजाराने मात्र 1962 पासून फ्रेंच पद्धतच उचलली. बाहेरच्या मालाला आडकाठी आणि आत चढे भाव. त्यातून लोण्याचे डोंगर साचले. 1973 साली ब्रिटन त्यात शिरला तो कुरकुरतच. 1984 साली मार्गारेट थॅचर यांनी वर्गणीत सूट मिळवली, आणि 2020 साली ब्रिटनने युरोपीय संघच सोडला.

एवढे जपूनही फ्रान्सची खेडी रिकामी व्हायची थांबली नाहीत. तिथली शेतेही हळूहळू मोठी झाली. तेव्हा कोणाची वाट शहाणपणाची, हे सांगणे कठीण. पण अन्नाचा खरा भार कोणीतरी उचलतोच. फ्रान्समध्ये तो गृहिणीने उचलला, ब्रिटनमध्ये कधी करदात्याने, तर कधी दूरच्या शेतकऱ्याने. बाजारात गव्हाचा भाव उतरला म्हणून पिशवी आनंदाने भरताना हा भार या खेपेला कोणाच्या शिरावर गेला, एवढे मनात यावे.