सोळा की एकोणीस?

आमच्या नातीला नक्की झालंय काय, हे बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून इथेच लिहिते. मी जन्मभर मराठी शिकवलं, तेव्हा विज्ञानवाल्या मंडळींनी सांभाळून घ्यावं.

मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. उरलेलं बारीक नळ्यांतून परत रक्तात घ्यायचं असतं. या नळ्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. चिकटल्या की फट बुजली असं वाटावं, पण त्या सांध्यांत क्लॉडिन नावाची प्रथिनं बसलेली असतात. क्योटोच्या फुरुसे आणि त्सुकिता यांनी ती १९९८ साली शोधली. नाव 'बंद करणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. गंमत म्हणजे यांतली काही खरंच वाट बंद करतात, तर काही चक्क वाट देतात, तीही निवडून! छिद्राच्या आत ऋण भार असेल तर सोडियम, मॅग्नेशियम यांसारख्या धन आयनांना वाव. प्रयोगात तिथला भार उलटा केला, तर निवडही उलटते.

गाळलेल्या मॅग्नेशियमपैकी निम्म्याहून जास्त एकाच टप्प्यात परत येतं. तिथे १६ आणि १९ क्रमांकाची क्लॉडिनं जोडीनं काम करतात. एक बिघडलं की मॅग्नेशियम आणि कॅल्शियम लघवीवाटे वाहून जातं. हातापायांत पेटके येतात आणि मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं.

रिपोर्ट आला तेव्हा तिच्या आईनं आधी आकडा विचारला. १९ बिघडलं तर दृष्टीही बहुधा फार अधू असते. रिपोर्टात १६ होतं. ती तिथेच खुर्चीत बसून रडली.

आता थोडं स्पष्ट. 'हे आईच्या माहेरचं' अशी कुजबुज माझ्या कानावर आली आहे. या आजारात सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं, आणि ते दोघे स्वतः ठणठणीत असतात. त्यातून हे लग्न मामे-आते भावंडांतलं, म्हणजे दोघांचे आजी-आजोबा एकच. जमवलं आपणच, पेढेही आपणच खाल्ले.

मॅग्नेशियम दिल्यानं पेटके कमी होतात, पण मूत्रपिंडांवर नजर ठेवावीच लागणार. धाकट्यालाही हे असण्याची शक्यता चारात एक. त्याचं रक्त मंगळवारी दिलंय. ताई मात्र पावडर पाण्यात ढवळून पिते आणि खडूसारखी लागते म्हणून माझ्याकडे बघून तोंड वाकडं करते.